एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटरच्या स्की

रुवैस
७ ऑक्टोबर २००५

मुरलीधर,

'प्रिय' लिहायची हाताला सवय आहे, म्हणून आधीच सांगतो, ते मुद्दाम गाळलंय. अकरा वर्षांनी लिहितोय. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की समोरच्याला वाटायला लागतं की आपलंच चुकलं. तो धंदा माझ्याशी नको. हे पाकीट रफिक देईल. त्याची व्हॅन दुबईहून रुवैसला सामान घेऊन येत-जात असते. उत्तर द्यायची लाज वाटली नाही तर त्याच्याच हाती दे.

माझी ॲनेट काल शारजाहून आली. खांद्यावर लांब पिशवी. मला वाटलं पडद्याचे रॉड असतील. आतून निघाल्या स्की, तुझ्या देऱ्याच्या दुकानातल्या. अकराशे दिरहॅम, म्हणजे सव्वातेरा हजार रुपये. मी स्टीलची टेप लावली. एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर. पोरगी एकशे अडुसष्ट. उभी केली तर स्की तिच्या नाकाशी संपते. आमच्या प्लँटवर हेल्मुट म्हणून ऑस्ट्रियन आहे, डोंगरात जन्मलेला. त्याला विचारलं. तो म्हणाला, हात वर करायचा, मनगटापर्यंत स्की आली पाहिजे. म्हणजे दोन मीटर. तू हातभर कापून ठेवलास. वर जांभळी नक्षी काढून 'लेडीज' म्हणून विकलीस. बायकांचा माल म्हणजे अर्धा माल, हे तुझं जुनंच गणित.

तुला कळावं म्हणून लिहितो. एकतीस डिसेंबरला मी रिटायर होतोय. जानेवारीत माझा व्हिसा कॅन्सल, आणि तिचाही, कारण ती माझ्याच व्हिसावर आहे. पोरगी इथे जन्मली, इथे शिकली, वसईत ती सुट्टीतली पाहुणी. दोन वर्षं स्वित्झर्लंडला हॉटेलचं शिकली तेव्हा बर्फावर घसरायलाही शिकली. आता दुबईच्या एका मॉलमध्ये कृत्रिम बर्फाचा उतार होतोय, तिथे शिकवणारे घेतायत. बारा नोव्हेंबरला चाचणी. उमेदवाराने स्की स्वतःच्या आणायच्या. पास झाली तर तिचा स्वतःचा व्हिसा. नापास झाली तर माझ्या शेजारच्या सीटवर बसून वसई.

माझ्या कॉन्सेप्टाला तू तुझ्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर काय बोललास ते मी विसरलेलो नाही. तिच्या मातीलाही आला नाहीस. तिच्या पोरीला तरी फसवू नकोस. हा माल परत घे, आणि लांब, पुरुषांची जोडी दे.

विल्फ्रेड तुस्कानो

•

देरा, दुबई
१२ ऑक्टोबर २००५

विल्फ्रेड,

तुझं पत्र रफिकने दुकानात वीस माणसांदेखत दिलं आणि वर म्हणाला, "रुवैसवाला साब बहुत गरम था." तेव्हा आता सगळा देरा जाणतो.

शारजात एका खोलीत आपण सहा जण झोपायचो. त्यात न मोजता कुठलीही गोष्ट विकत घेणारा एकही नव्हता आणि मोजून झाल्यावर ऐकून घेणारा तू नव्हतास. अजून तसाच आहेस. तुझ्या हेल्मुटला एवढंच विचार, शेवटचा बर्फ कधी बघितलास.

पूर्वीची स्की म्हणजे सरळ फळी. ती लांबच लागायची. आताची टोकाला रुंद, कमरेत बारीक. कडेवर कलली की आपणहून गोल वळण कापत जाते. तिला आखूडच घेतात, हनुवटी ते नाक. हे मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. माझ्या दुकानात लेबनॉनला जाणारे येतात, युरोपला जाणारे येतात. मी शिवणकामाच्या मास्तरासारखा गळ्यात टेप घालून उभा राहतो आणि ऐकतो. शहरबानू म्हणून एक इराणी बाई दर हिवाळ्यात तेहरानजवळच्या डोंगरात जाते. तिला मी एकदा भारीतली पुरुषांची जोडी दाखवली. तिने हाताने वाकवून बघितली आणि म्हणाली, "मुरलीभाई, इसपे मैं नहीं जाऊँगी, ये मुझे ले जाएगी." बाईमाणसाचं वजन कमी, तोल खाली, म्हणून फळी नरम पाहिजे, हलकी पाहिजे, बूट धरणारी पकड बोटभर पुढे पाहिजे. यात अर्धं काय आलं? तुझ्या बुटात माझा पाय घातला तर मी अर्धा होतो का?

आता खरं ते लिहितो, कारण ॲनेट सांगेलच. मी तिच्यापुढे आधी एकशे बहात्तरची पुरुषांची ठेवली होती. महाग होती आणि तीन वर्षं पडून होती. तिने नुसतं बघितलं. कोणासारखं बघितलं ते तुला सांगायला नको. मग मी नीट विचारलं, कुठे वापरणार? म्हणाली, "ओन्ली द मॉल, अंकल." म्हणजे रोज यंत्राने सपाट केलेला कडक बर्फ आणि आखूड उतार. मी म्हटलं, मग शर्यतीची देऊ का? म्हणाली, नको, लहान मुलांना शिकवायचं, हळूही चालली पाहिजे, उलटंही जाता आलं पाहिजे. म्हणून सगळीकडे चालणारी, पण कमरेत बारीक अशी घेतली. माझ्याकडे तशा चार जोड्या होत्या. चारही तिने जमिनीवर ठेवून कडेवर कलवल्या. दीड तास. तू मोजतोस तसंच, फक्त शिव्या न देता.

माल परत घेणार नाही. तिला हवा असेल तर तिने यावं. तू गिऱ्हाईक नाहीस.

मुरलीधर

•

रुवैस
२१ ऑक्टोबर २००५

मुरलीधर,

हेल्मुटला विचारलं. शेवटचा बर्फ त्याने एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत बघितला. त्याने पुतण्याला फोन लावला, पुतण्या हसला. तेव्हा लांबीचा मुद्दा सोडतो. माफी मागत नाहीये, मुद्दा सोडतोय.

पण माल तू ढिलाच दिलास. पोरगी काल परत आली. दुपारी ती झोपल्यावर मी तिचा बूट त्या पकडीत बसवला आणि बाजूने जोर लावला. खाड्कन उघडली. बाईच्या पायातली स्की उतारावर अशी निसटली तर? तुझ्या दुकानात स्क्रू आवळायलाही माणूस नाही का?

चोवीस वर्षं इथे पाइपांच्या जोडांचे फ्लँज आवळतोय. माझ्या हाताखालून एक थेंब गळलेला नाही, कंपनीने दोनदा सर्टिफिकेट दिलंय. पकडीवर छोट्या खिडकीत आकडा दिसतो. पाच आणि सहाच्या मध्ये होता. दहापर्यंत नेला, पुढचा आणि मागचाही, दोन्ही स्कींचा. आता हत्ती ओढला तरी सुटणार नाही. ॲनेटला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "पप्पा, डोन्ट टच" सुरू झालं असतं. आज सकाळीच ती शारजाला परत गेली.

तुझं अर्धवट काम मी पुरं केलं. बिल पाठवत नाही.

विल्फ्रेड

•

देरा, दुबई
२३ ऑक्टोबर २००५, दुपार

विल्फ्रेड,

आत्ता तुझं पत्र वाचलं. रफिकला वेगळे पैसे देऊन लगेच परत पाठवतोय. प्लँटवर तुझा फोन कोणी देत नाही. ॲनेटचा बंद आहे, आज तिचा सराव आहे.

ती पकड सुटण्यासाठीच असते. पडल्यावर पाय फळीत अडकून पिळू नये म्हणून. आकडा वजनावरून, बुटावरून ठरवतात. तिचा साडेपाच. दहावर तिचा गुडघा आधी जाईल, पकड नंतर.

तिला कसंही करून गाठ. मी मॉलकडे निघालो.

मुरलीधर

•

रुवैस
२६ ऑक्टोबर २००५

मुरलीधर,

रविवारचं तुझं पाकीट न फोडता परत पाठवतोय. ते आलं तेव्हा मला पोरीचा फोन येऊन गेला होता. त्यात तू काय सारवासारव केली असशील ती वाचायची इच्छा नाही.

उजवा गुडघा. लिगामेंट ताणलं, तुटलं नाही, एवढीच मेहेरबानी. तीन आठवडे बर्फावर पाय ठेवायचा नाही. बारा नोव्हेंबरची चाचणी गेली. शेवटची तुकडी सत्तावीसला आहे, तीत घेतो म्हणाले, डॉक्टरने लिहून दिलं तर.

मी विचारलं, झालं काय? रडत म्हणाली, बाइंडिंगमध्ये चूक होती, मुरली अंकलने स्वतः सांगितलं की त्यांच्या दुकानाची चूक. मी आवळूनसुद्धा तुझी पकड सुटली, म्हणजे आतून किती सडका माल असेल. निदान कबूल केलंस. वीस वर्षांत पहिल्यांदा. तेही पोरीचा पाय गेल्यावर.

तू तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलंस, चार तास बसलास, असंही ती म्हणाली. बसलास म्हणून काही फिटत नाही. यापुढे तिने तुझ्या दुकानाची पायरी चढायची नाही असं मी बजावलंय.

विल्फ्रेड

•

देरा, दुबई
२८ ऑक्टोबर २००५

विल्फ्रेड,

रविवारचं पाकीट तुलाच परत. या वेळी फोड. पुढचं वाचायच्या आधी फोड.

वाचलंस? आता ऐक. पकड सुटली नाही. सुटली नाही म्हणूनच झालं. मी पोचलो तेव्हा दोन पोरं तिचा बूट फळीतून काढायला धडपडत होती, निघत नव्हता. हळू पडली होती ती, लहान पोर पडतं तशी. साडेपाचवर असती तर फळी बाजूला गेली असती आणि ती हसत उठली असती. खिडकीत दहा दिसत होतं. कोणी बघायच्या आत मी चावीच्या टोकाने आकडा खाली आणला आणि म्हटलं, सॉरी ॲनेट, दुकानात चुकीचा लावला गेला.

तुझ्यासाठी नाही केलं. तुझ्यासाठी मी दुकानाचं शटरसुद्धा अर्ध्यावर आणणार नाही. त्या पोरीची आई गेली. बाप या देशात दोन महिने आहे. ते दोन महिने तिने बापाकडे बघून 'याने माझा पाय मोडला' म्हणत काढायचे का? दुकानदाराला शिव्या देणं सोपं असतं. आमची सवय असते.

तुला मालातलं कळत नाही, पण एक कळेल. तुमच्या प्लँटवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. प्रेशर वाढलं की उघडतात. चोवीस वर्षांत एखादा उघडला म्हणून तू आवळून बंद केलास का?

कॉन्सेप्टाचं काढलंस म्हणून लिहितो. तिने त्या बाईला सांगितलं की हे बूट चावतील, घेऊ नका. मी सगळ्यांसमोर ओरडलो, गिऱ्हाईक परत पाठवायला पगार देतो का. ती पर्स उचलून गेली. ती गिऱ्हाईक बाई पुढे पाच वर्षं माझ्याकडेच आली. प्रत्येक वेळी विचारायची, ती खरं बोलणारी कुठे गेली. मी म्हणायचो, सुट्टीवर आहे. कॉन्सेप्टाच्या मातीला यायला तोंड नव्हतं. हे तुला लिहिलं म्हणजे आपलं मिटलं, असं धरू नकोस. तू जसा उद्धट होतास तसाच आहेस.

मुरलीधर

•

रुवैस
४ नोव्हेंबर २००५

मुरलीधर,

सेफ्टी व्हॉल्व्ह लिहायला नको होतंस. बाकी सगळं पचलं असतं. दोन दिवस प्लँटवर फिरताना प्रत्येक व्हॉल्व्हखाली उभा राहतोय. पोरं विचारतात, फोरमनसाब, लीक है क्या?

तुझे उपकार मला नकोत. ईदच्या सुट्टीला ॲनेट आली, लंगडत. शेजारच्या कुबराभाभीने बिर्याणी पाठवली होती. ताट वाढल्यावर मी सांगून टाकलं. स्क्रू मी फिरवला, तू झोपली होतीस तेव्हा. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "पप्पा, इट इज सपोज्ड टु कम ऑफ." मी म्हटलं, आता माहीत आहे. तिला पायाचं एवढं लागलं नव्हतं. उठताना म्हणाली, "अँड यू लेट हिम टेक द ब्लेम? टेन डेज?" मी म्हटलं, आधी माहीत नव्हतं, पण माहीत झाल्यावरही चार दिवस गप्प होतो. ते चार दिवस तिने मोजले. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

म्हणजे तू जे वाचवायला निघालास ते मीच मोडलं. त्याचं श्रेय तुला नको आणि दोषही नको. माझं मी बघतो.

डॉक्टरने सत्तावीसची परवानगी दिलीय. मला त्या दिवशी चार्ज हँडओव्हर आहे, सोडणार नाहीत. ती पकड तू स्वतः लाव. तुझ्या पोराटोरांकडून नको, तू. वजन बावन्न किलो. दोनदा तपास. आणि तिथे जाऊन उभा राहा. विनंती करत नाहीये. निस्तरायला सांगतोय, कारण एकशे बहात्तरची आधी पुढे करणारा माणूस अजून तुझ्यात आहे.

विल्फ्रेड

•

देरा, दुबई
२८ नोव्हेंबर २००५

विल्फ्रेड,

वजन त्रेपन्न आहे. तराजूवर उभी केली. तुझी टेप बरोबर असते, वजन नाही.

काल गेलो. चाचणीच्या दिवशी आत सोडत नाहीत, मॉलच्या बाजूने मोठी काच आहे, तिथून बघायचं. माझे कान किती तिखट ते तुला माहीत आहे, खोलीत पैसे मोजणारा कोण ते मी पांघरुणातून सांगायचो. पण काचेपलीकडचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मागे लोक आइस्क्रीम खात होते आणि पुढे तुझी पोरगी जीव मुठीत धरून उभी.

पहिल्या दोन फेऱ्या छान गेल्या. फळी कडेवर आली की बर्फावर एक बारीक रेघ उमटते, ती नुसती गोल, कुठे फरफट नाही. तिसऱ्या फेरीत उलटं जाऊन दाखवायचं होतं. तिथे पडली. डावी फळी सुटून चार हात घसरत गेली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "खलास." मी तिला म्हटलं, मॅडम, सुटली, छान सुटली. तिने मला वेडा समजून जागा बदलली.

ॲनेट उठली. लंगडली नाही. फळी ओढून आणली, टाच मारून बसवली आणि पुन्हा वर जाऊन तेच केलं, उलटं, पुरं. चाचणी घेणारी उंच बाई वहीत लिहीत होती. काय लिहिलं दिसलं नाही. दीड तास मी त्याच काचेशी. मग ॲनेट बाहेर आली, बूट हातात, मोजे ओले. पास झालेल्यांच्या यादीत अकरा नावं, तिचं नववं.

मला म्हणाली, "अंकल, डोन्ट कॉल पप्पा. आय विल." केला का? केला असेल तर हे पत्र तुझ्या काही कामाचं नाही. तरी पाठवतो, कारण पडलेली ती तुला सांगणार नाही.

मुरलीधर

•

रुवैस
६ जानेवारी २००६

मुरलीधर,

केला. पडल्याचं सांगितलं नाही. मीही तुझं पत्र मिळाल्याचं तिला सांगितलं नाही.

क्वार्टर रिकामं झालं. पुढच्या गुरुवारचं तिकीट आहे. परवा तिच्याबरोबर तिच्या कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो, व्हिसाचे कागद भरायला. फॉर्मवर मध्येच एक रकाना आला, काही अपघात झाला तर या देशात कोणाला कळवायचं. मी पेन घ्यायला हात पुढे केला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या लक्षात आलं की माझा नंबर पुढच्या गुरुवारी बंद होतो.

तिने तुझं नाव लिहिलं. मला विचारलं नाही. दुकानाचा नंबर, मोबाइल, दोन्ही तिला तोंडपाठ. पुढच्या रकान्यात नातं लिहायचं होतं. तिथे ती थांबली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, यल्ला, आटपा, मागे लाइन आहे.

दुकानदार लिहिता येत नाही. मित्र लिहायला माझा हात धजला नाही आणि ते खरंही नाही. मी 'काका' लिहिलं. सही करून झाल्यावर मनात आलं की खोडावं. पण खाडाखोड असली तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो, असं ती मुलगी म्हणाली. म्हणून राहू दिलं.

यापलीकडे आपल्यात काही बदललंय असं समजू नकोस. वसईहून मी तुला लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

तिच्या कंपनीचा फोन आला तर उचल.

विल्फ्रेड